‘इंडिग्नंट’ माणूस बरोबर असतोच असं नाही

इंग्रजीतल्या ‘इंडिग्नंट’ या विशेषणाचा अर्थ काय, यावर वाद निघाला की तो ठरलेल्या दोन बाजूंत वाटला जातो. एका बाजूच्या मते ‘इंडिग्नंट’ म्हणजे ‘अँग्री’च, फक्त जरा पुस्तकी. दुसरी बाजू म्हणते, छे, हा साधा राग नव्हे. हा अन्यायाविरुद्धचा न्याय्य राग, आपण ज्याला सात्त्विक संताप म्हणतो तो. मग पहिली बाजू शब्दकोश काढते, दुसरीही शब्दकोशच काढते, आणि दोघींनाही आपापल्या सोयीची ओळ सापडते. गल्लत मात्र दोघींची एकाच जागी होते. रागामागे अन्यायाची तक्रार असणं ही एक गोष्ट आणि ती तक्रार खरी असणं ही दुसरी. ‘इंडिग्नंट’ पहिल्या गोष्टीची ग्वाही देतो, दुसरीबद्दल अवाक्षर काढत नाही. रागावलेल्या माणसाला काय वाटतंय एवढंच तो सांगतो; त्याला तसं वाटणं योग्य आहे का, हे ठरवायचं काम ऐकणाऱ्यावर सोडतो. फरक बारीक आहे खरा, पण बातमी लिहिताना, भाषांतर करताना, कथेतल्या पात्राच्या तोंडी वाक्य घालताना नेमका इथेच घोळ होतो.

पहिली बाजू आधी घेऊ, कारण तिचं म्हणणं खोडायला वेळ लागत नाही. तिच्या पदरात दोन चांगले मुद्दे आहेत, ते मान्य करायला हवेत. एक, रोजच्या इंग्रजीतल्या कितीतरी वाक्यांत ‘इंडिग्नंट’ काढून ‘अँग्री’ घातला तर वाक्य कुठेही मोडत नाही. दोन, या शब्दाला मोठ्या अन्यायाची गरज नसते. रांगेत कुणी मध्येच घुसलं, न मागता कुणी वय विचारलं, आपलं नाव चुकीचं छापलं, एवढ्यावरही माणूस ‘इंडिग्नंट’ होतो. ऑक्सफर्डच्या व्याख्येत तर रागाच्या जोडीला ‘ॲनॉयन्स’ म्हणजे नुसता वैतागही बसवलेला आहे. मग वेगळा शब्द हवाच कशाला?

हवा, कारण अदलाबदल उलट दिशेनं केली की ती लगेच फसते. भुकेलं तान्हं मूल ‘अँग्री’ असतं. ‘इंडिग्नंट’ म्हटलं तर तो विनोद होतो. खवळलेला समुद्र ‘अँग्री’, सुजून लाल झालेली जखम ‘अँग्री’, काळं आभाळ ‘अँग्री’. जखमेला मात्र कुणी ‘इंडिग्नंट’ म्हणत नाही. दाढदुखीवर माणूस चिडतो, पण दाढेनं आपल्याशी अनुचित वर्तन केलं असं त्याला वाटत नाही. पावसावर तुम्ही वैतागाल. ‘इंडिग्नंट’ व्हायचं असेल तर पाऊस पडणार नाही असं छातीठोकपणे सांगणारा कुणीतरी माणूस मध्ये लागतो. म्हणजे या शब्दाला तीन गोष्टी लागतात: केलेलं किंवा मुद्दाम न केलेलं एखादं कृत्य, ते करणारा कुणीतरी, आणि ‘असं वागायचं नसतं’ असा एखादा नियम, मग तो कायद्याचा असो, शिष्टाचाराचा असो की फक्त त्या माणसाच्या मनातला असो. तिन्हींपैकी एक जरी निसटली तर राग उरतो, पण ‘इंडिग्नेशन’ उरत नाही. गर्दीत कुणाचा तरी पाय जोरात पायावर पडला की क्षणभर डोक्यात तिडीक जाते. तो माणूस तोल जाऊन पडत होता हे कळलं की दुखणं तेवढंच राहतं आणि ती तिडीक मात्र ओसरते. तोल गेलाच नव्हता, मुद्दाम दिला होता, असं कळलं तर? दुखणं तरीही तेवढंच, पण आता माणूस ‘इंडिग्नंट’ झालेला असतो. वेदना तीच असून राग बदलला, याचा अर्थ या रागाची मुळं वेदनेत नसून निवाड्यात आहेत.

म्हणूनच याला तीव्रतेच्या मापावर बसवणं चुकीचं आहे. शाळेत शब्द शिकवताना ‘ॲनॉइड’, ‘अँग्री’, ‘इंडिग्नंट’, ‘फ्युरियस’ अशी शिडी लावतात, ती विसरलेलीच बरी. ‘फ्युरियस’ राग किती ते सांगतो, ‘इंडिग्नंट’ राग कशाचा ते सांगतो. माणूस किंचित ‘इंडिग्नंट’ असू शकतो आणि कसलीही तक्रार नसताना प्रचंड ‘फ्युरियस’ असू शकतो.

आता दुसरी बाजू. ही जास्त अभ्यासू असते आणि तिचे मुद्दे खरोखर वजनदार आहेत. पहिला मुद्दा व्युत्पत्तीचा. शब्द लॅटिन ‘इंडिग्नारी’वरून आला, अर्थ ‘अयोग्य मानणं’. मुळाशी ‘डिग्नुस’, म्हणजे योग्य, पात्र. ‘डिग्निटी’ ही त्याची सख्खी बहीण. म्हणजे योग्यायोग्यता शब्दाच्या हाडातच आहे. दुसरा मुद्दा ॲरिस्टॉटलचा. ‘ऱ्हेटॉरिक’च्या दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात तो ‘नेमेसान’ या भावनेची व्याख्या करतो: कुणाला त्याची पात्रता नसताना भाग्य लाभलेलं पाहून होणारा त्रास. कुणावर त्याचा दोष नसताना ओढवलेलं दुर्दैव पाहून होते ती करुणा, आणि ही तिची दुसरी बाजू. दोन्ही भावना सज्जन स्वभावाच्या खुणा आहेत असंही तो बजावून सांगतो. तिसरा मुद्दा आधुनिक तत्त्वज्ञानातला. पी. एफ. स्ट्रॉसननं 1962 च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात भेद असा केला: माझ्याशी कुणी दुष्टपणे वागलं तर मला वाटतो तो ‘रिझेंटमेंट’, दुसऱ्याशी तसं वागलेलं पाहून वाटतं ते ‘इंडिग्नेशन’. स्वतःचं काही गेलेलं नसताना आलेला राग म्हणूनच नैतिक. (स्वतःच्या वाट्याला आलेल्या वागणुकीबद्दलही ‘इंडिग्नेशन’ वाटू शकतं, हे तोही मान्य करतो, ही सवलत उद्धृत करणारे बहुधा गाळतात.) आणि चौथा मुद्दा मेरियम-वेब्स्टरचा: ‘अन्यायकारक किंवा अशोभनीय गोष्टीमुळे’ आलेला राग, असं तो कोश सरळ म्हणतो. अन्यायकारक ‘वाटलेल्या’ गोष्टीमुळे असं नाही. गोष्ट अन्यायकारकच आहे, असं.

या चारांपैकी शेवटचा मुद्दा आधी तपासू, कारण तो शब्दाच्या आजच्या वापराबद्दल आहे. ऑक्सफर्डच्या व्याख्येत ‘अन्याय्य वाटणाऱ्या वागणुकीबद्दल’ अशी रचना आहे. ‘परसीव्ह्ड’ हा एक शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे. दोन मातबर कोशांत मतभेद असेल तर निवाडा कोशात मिळणार नाही, वाक्यांत शोधावा लागेल. एक वाक्य घेऊ: त्यानं आपली पत्रं वाचली म्हणून ती ‘इंडिग्नंट’ झाली. इंग्रजीत इथे ‘इंडिग्नंट’नंतर ‘दॅट’ येईल. या वाक्यातून पत्रं वाचली गेली होती हे कळतं का? कळतं. वाक्य नकारार्थी करून पाहा: त्यानं पत्रं वाचली याबद्दल ती अजिबात ‘इंडिग्नंट’ नव्हती. तरीही पत्रं वाचली गेलेलीच आहेत. घडलेली घटना लेखकानं गृहीत धरलेली आहे. तिच्या खरेपणाची जबाबदारी लेखकावर येते. आता पुढची पायरी. त्याच वाक्याला शेपूट जोडू: ‘...पण पत्रं वाचायला तिनंच सांगितलं होतं, हे ती विसरली होती.’ वाक्य कुठे अडखळलं? कुठेच नाही. वाचक फक्त एवढं समजतो की तिचा राग अस्थानी होता. राग अस्थानी असूनही ‘इंडिग्नंट’ हा शब्द खोटा पडला नाही. अन्याय खरोखर झालेला असणं ही या शब्दाची अट असती, तर ते शेपूट जोडताच वाक्य कोसळायला हवं होतं.

म्हणजे शब्दाची जबाबदारी अर्धीच आहे. घटना घडली, याची हमी तो देतो. घटना चुकीची होती, याची नाही. सगळा वाद या अर्ध्या हमीला पूर्ण समजण्यातून उभा राहतो.

दुसरी कसोटी आणखी सोपी. इंग्रजीत ‘राइटली इंडिग्नंट’, ‘जस्टली इंडिग्नंट’, ‘राइचस इंडिग्नेशन’ या जोड्या सर्रास चालतात आणि कुणालाही त्या द्विरुक्त वाटत नाहीत. न्याय्यपणा ‘इंडिग्नंट’च्या पोटातच असता तर ‘राइटली’ जोडणं म्हणजे ‘पिवळा पीतांबर’ झाला असता. उलट ‘मॉक इंडिग्नेशन’, ‘फेन्ड इंडिग्नेशन’ हेही तितकेच रुळलेले आहेत. ज्या भावनेचं सोंग इतकं सहज आणता येतं आणि त्या सोंगाला भाषेत तयार नावंही आहेत, ती भावना सत्याची पावती कशी ठरेल?

बायबलच्या नव्या करारातली चार ठिकाणं या बाबतीत फार बोलकी आहेत, कारण मूळ ग्रीकमध्ये चारही ठिकाणी क्रियापद एकच आहे, ‘अगानाक्तेओ’. मुलांना जवळ आणणाऱ्या लोकांना शिष्य दटावतात तेव्हा येशू ‘इंडिग्नंट’ होतो. याकोब आणि योहान मानाच्या जागा मागतात तेव्हा उरलेले दहा शिष्य ‘इंडिग्नंट’ होतात. एक स्त्री महागडं सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतते तेव्हा जमलेले काही जण ‘इंडिग्नंट’ होतात. ते विकून तीनशेहून अधिक दिनार मिळाले असते आणि गरिबांना देता आले असते, हा त्यांचा हिशेब. आणि शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सक्तीच्या विश्रांतीच्या, दिवशी येशूनं एका बाईला बरं केलं म्हणून तिथल्या सभास्थानाचा अधिकारी ‘इंडिग्नंट’ होतो. पहिल्या प्रसंगात कथा रागावलेल्याच्या बाजूनं आहे. तिसऱ्या आणि चौथ्या प्रसंगात ती उघड उघड विरुद्ध आहे. दोन्हीकडे येशू त्या रागाला तिथल्या तिथे फटकारतो. दुसऱ्या प्रसंगात तर रागावलेल्या दहांनाही त्याच जागा हव्या असाव्यात असा दाट संशय येतो. किंग जेम्सच्या 1611 च्या भाषांतरकारांनी या चारांसाठी वेगवेगळे शब्दप्रयोग वापरले. पहिल्या दोन ठिकाणी ‘मच डिसप्लीझ्ड’, म्हणजे फारच नाखूश, आणि उरलेल्या दोन ठिकाणी ‘इंडिग्नेशन’. आजच्या ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’मध्ये चारही ठिकाणी ‘इंडिग्नंट’ किंवा त्याचं क्रियाविशेषण येतं. एकच शब्द येशूलाही आणि त्याच्या विरोधकालाही लावता येतो, यातच सगळं आलं. तो न्याय्य रागाचा शब्द असता तर भाषांतरकारांना अधिकाऱ्यासाठी दुसरा शोधावा लागला असता.

‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’च्याच 2011 च्या आवृत्तीत आणखी एक बदल झाला. मार्काच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी गुडघे टेकून ‘तुझी इच्छा असेल तर मला बरं कर’ असं विनवतो. बहुतेक हस्तलिखितांत पुढे येशूला कळवळा आला असं आहे. काही थोड्यांत, त्यात ‘कोडेक्स बेझे’ हे प्रसिद्ध, येशूला राग आला असं आहे. 2011 च्या आवृत्तीनं रागाचा पाठ उचलला आणि ‘अँग्री’ न लिहिता ‘इंडिग्नंट’ लिहिलं. वाचकांनी लगेच विचारावं असा प्रश्न तिथे उभा राहतो: कशाबद्दल? कुष्ठरोग्याच्या शंकेबद्दल, रोगाबद्दल, की त्याला वाळीत टाकणाऱ्या व्यवस्थेबद्दल? ‘अँग्री’ लिहिलं असतं तर हा प्रश्न इतका टोचला नसता. ‘इंडिग्नंट’ म्हटलं की कृत्य, कर्ता आणि नियम या तिघांची जागा वाक्यात आपोआप रिकामी होते आणि भरून द्यायची मागणी करते. भाषांतर म्हणून ही निवड धाडसी आहे. माझ्या मते जरा जास्तच धाडसी, कारण मूळ शब्द ‘ओर्गिस्थेइस’ इथे साध्या रागाचा आहे, आणि वर सांगितलेला ‘अगानाक्तेओ’ नव्हे.

धर्मग्रंथ बाजूला ठेवून राजकारणात यावं तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत निषेध सभेला नावच ‘इंडिग्नेशन मीटिंग’ होतं. 22 मे 1856 रोजी सेनेटच्या सभागृहात प्रेस्टन ब्रुक्स या प्रतिनिधीनं गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना काठीनं बेदम मारलं, तेव्हा उत्तरेकडच्या गावागावांत अशा सभा भरल्या. आज आपण बिनदिक्कत त्या सभांच्या बाजूनं उभे राहतो. पण ब्रुक्स स्वतः कोणत्या भावनेनं काठी घेऊन गेला होता? सम्नर यांच्या भाषणात त्याच्या राज्याचा आणि त्याच्या एका वयस्कर नातलगाचा अपमान झाला, असं त्याचं म्हणणं होतं. ‘डिग्नुस’ या धातूच्या दृष्टीनं पाहिलं तर तोही ‘इंडिग्नंट’च. चौदा वर्षांनी, 13 जानेवारी 1870 रोजी, सॉल्ट लेक सिटीत, तेव्हा बहुपत्नीत्व मानणाऱ्या मॉर्मन पंथातल्या स्त्रियांची प्रचंड ‘इंडिग्नेशन मीटिंग’ झाली. निषेध कशाचा? बहुपत्नीत्वाविरुद्ध अमेरिकी काँग्रेसमध्ये आलेल्या, शेल्बी कलम या प्रतिनिधीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या विधेयकाचा. आमच्या धर्मावर आणि घरांवर हा घाला आहे, असं त्या म्हणत होत्या. त्यांचा राग खोटा होता का? मुळीच नाही. तो बरोबर होता का? यावर तेव्हाही एकमत नव्हतं. सभेचं नाव दोन्हीकडे तेच, आणि नावावरून बाजू कळत नाही.

ॲरिस्टॉटलचा आधार घेणाऱ्यांनी ते प्रकरण थोडं पुढे वाचावं. तिथेच तो नोंदवतो की पिढीजात श्रीमंतांपेक्षा नव्यानं श्रीमंत झालेल्यांबद्दल लोकांना ही भावना जास्त वाटते, कारण जे फार काळ एखाद्याकडे आहे ते त्याचंच आहे असं भासू लागतं. भासू लागतं! म्हणजे पात्रतेचा तराजूच सवयीनं झुकलेला असतो. शिवाय हे सारं तो वक्त्यांसाठी लिहितो आहे: न्यायसभेत श्रोत्यांच्या मनात ही भावना कशी जागवावी, याचं ते शिक्षण आहे. जी भावना कसबानं जागवता येते, ती चुकीच्या पक्षासाठीही जागवता येणारच. दुसऱ्याचं भाग्य पाहून होणारा त्रास म्हटलं की मत्सर शेजारीच उभा असतो. ॲरिस्टॉटलनं दोन्हींमध्ये काळजीपूर्वक भिंत घातली; समोरचा पात्र असो वा नसो, आपल्या बरोबरीचा आहे एवढ्यावरूनच होणारा जळफळाट तो मत्सर. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र भिंत दिसत नाही, माणसाचा लाल चेहरा दिसतो. नैतिक ‘इंडिग्नेशन’ म्हणजे प्रभावळ लावलेला मत्सर, असं एच. जी. वेल्सनं 1914 च्या एका कादंबरीत लिहिलं, ते याच जागेवर बोट ठेवून. वेल्सचं म्हणणं सरसकट मानायचं कारण नाही. पण शब्द स्वतःच न्याय्य असता तर त्याला हा टोमणा मारताच आला नसता.

मग ही समजूत इतकी घट्ट का? माझ्या मते याचं उत्तर प्रथमपुरुषात आहे. ‘आय ॲम इंडिग्नंट’ असं कुणी म्हणतं तेव्हा आपला राग योग्य आहे असं ते म्हणणारच. स्वतःच्या तक्रारीवर स्वतःचा विश्वास असतोच. पण तो विश्वास ‘आय’मधून येतो, ‘इंडिग्नंट’मधून नाही. 1948 मध्ये बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ कार्यक्रमात बर्ट्रांड रसेलनं एक गंमत केली: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकरासारखा आडमुठा आहे. ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकानं अशा चढत्या-उतरत्या रचनांची स्पर्धाच लावली आणि त्यात एक नमुना असा आला: मी न्याय्य संतापानं पेटलो आहे, तू वैतागला आहेस, तो उगाच गोंधळ घालतो आहे. मूळ इंग्रजीत पहिल्या तुकड्यात नुसता ‘इंडिग्नंट’ नाही, ‘राइचसली इंडिग्नंट’ आहे. विनोद करणाऱ्यालाही न्याय्यपणा वेगळा जोडावा लागला.

तिसरी एक छोटी बाजू आहे, तिला हा शब्द चेष्टेचाच वाटतो. फलाट सोडून गेलेल्या गाडीकडे पाहणारे जाडजूड गृहस्थ, आंघोळ घातलेली मांजर, अंड्यावरून उठवलेली कोंबडी, यांनाच इंग्रजी लेखक ‘इंडिग्नंट’ म्हणतात, असं तिचं निरीक्षण. निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष घाईचा. मांजर विनोदी वाटते कारण आपण तिच्या तोंडी ‘मला काय समजलात!’ हे वाक्य घातलेलं असतं. म्हणजे विनोदालाही शब्दाचा गंभीर अर्थच लागतो. रोमन कवी व्हर्जिलनं अंगावर पूल बांधलेल्या अराक्सीस नदीला याच शब्दाचं लॅटिन रूप लावलं, गुहेत कोंडलेल्या वाऱ्यांनाही लावलं, आणि ‘ईनीड’ या महाकाव्याची अखेरची ओळही त्याच शब्दावर आणली: नायकाकडे दयेची याचना करूनही मारल्या गेलेल्या टर्नसचा प्राण ‘इंडिग्नाटा’ होऊन छायांच्या लोकात जातो. त्याला मारणं योग्य होतं का, यावर वाचक आजही भांडतात. कवीनं तो राग नोंदवला आणि तिथेच हात आखडता घेतला. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये जोनाथन स्विफ्टच्या समाधीलेखात काळीज फाडणाऱ्या ‘सेवा इंडिग्नाशियो’चा, म्हणजे लॅटिनमध्ये हिंस्र संतापाचा, उल्लेख कोरलेला आहे. तिथे कुणाला हसू येईल?

शेजारच्या ‘आउटरेज’शी तुलना केली तर ‘इंडिग्नंट’चा संयम जास्त उठून दिसतो. ‘आउटरेज’चा ‘रेज’शी व्युत्पत्तीनं काही संबंध नाही, तो मर्यादेपलीकडे जाणं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला. म्हणून तो कृत्याचंही नाव आहे आणि त्या कृत्यावरच्या रागाचंही. ‘हे आउटरेज आहे’ असं म्हणता येतं, आणि ते म्हणणाऱ्यानं कृत्याचा निवाडा दिलेलाच असतो. ‘इंडिग्नेशन’ कृत्याला म्हणता येत नाही. तिथे ‘इंडिग्निटी’ हा वेगळा शब्द आहे, मानहानीची वागणूक या अर्थाचा. इंग्रजीनं राग आणि त्याचं कारण यांना दोन वेगळी नावं ठेवली, ती उगाच नाही.

वापरताना हे सगळं कसं उतरतं? गोष्टीबद्दल राग असेल तर ‘ॲट’, ‘अबाउट’ किंवा ‘ओव्हर’. माणसावर असेल तर ‘विथ’, आणि हल्ली ‘ॲट’ही. पूर्ण घटना सांगायची असेल तर ‘दॅट’. ‘इंडिग्नंट ऑफ’ नाही आणि ‘इंडिग्नंट बाय’ही नाही, दुसरी चूक ‘शॉक्ड बाय’च्या सवयीनं होते. उच्चारात जोर शब्दाच्या दुसऱ्या तुकड्यावर, ‘डिग’वर, आणि ‘ग’ स्पष्ट उच्चारायचा. ‘इंडिजंट’ म्हणजे निर्धन; त्याचा या कुळाशी संबंध नाही, पण घाईत लिहिताना दोन्ही एकमेकांच्या जागी येतात आणि रागावलेला माणूस कंगाल होऊन बसतो. ‘वॅक्स इंडिग्नंट’ या रचनेत पुढे विशेषणच हवं, ‘इंडिग्नंटली’ नको, कारण ‘वॅक्स’चा अर्थ तिथे ‘होत जाणं’ असा आहे. ‘इंडिग्नंटली’ हे क्रियाविशेषण तर संवादात फार जपून वापरावं. आरोप नाकारणाऱ्या पात्राला ते एकदा लावलं की वाचकाला त्याच्या दुखावलेल्या अभिमानाची खात्री पटते. निर्दोषपणाची पटत नाही. तीन पानांत तीनदा लावलं तर संशयच बळावतो.

बातमीत नियम कडक हवा. ‘इंडिग्नंट’नंतर ‘दॅट’ लिहिलं की ती घटना घडल्याचं वार्ताहर स्वतः सांगतो. घटनाच वादग्रस्त असेल तर ‘पैसे लाटले गेले म्हणून रहिवासी इंडिग्नंट’ ही ओळ आरोपाला वस्तुस्थिती बनवून टाकते. तिथे आरोप वेगळ्या वाक्यात घ्यावा, रागाचं वर्णन वेगळ्या. आणि राग रास्त आहे असं लेखकाला म्हणायचंच असेल तर ते स्वतःच्या नावावर, वेगळ्या शब्दात म्हणावं; विशेषणाच्या आडून नव्हे.

मराठीत आणताना ‘सात्त्विक संताप’ हा पर्याय म्हणूनच धोक्याचा. ‘सात्त्विक’ हा शब्द निवाडा देतो, मूळ शब्द देत नाही; सभास्थानाच्या अधिकाऱ्याला सात्त्विक संताप आला असं लिहिणं म्हणजे त्याची बाजू घेणं. ‘राइचस इंडिग्नेशन’साठी तो ठेवावा, तिथे तो चपखल बसतो. एरवी आपल्याकडे ‘चीड’ आहे आणि तिचं व्याकरण फार उपयोगी आहे: ‘डाव हरला म्हणून चिडला’ हा नुसता राग, पण ‘ढोंगाची चीड आली’ म्हटलं की समोर दोष उभा राहतो. दुखावलेल्या मानाच्या जागी ‘फणकाऱ्यानं म्हणाली’ किंवा ‘ताडकन उत्तर दिलं’ चालेल, मांजरीलाही आणि गृहस्थांनाही. पत्रं वाचल्याच्या वाक्यात मात्र ‘हे तिला मुळीच रुचलं नाही’ म्हणणं मिळमिळीत होईल. ‘हे वाचायचा त्याला काय अधिकार, म्हणून ती संतापली’ असं कारण उघड करून लिहावं.

एक उणीव मात्र इंग्रजीचीच आहे. या विशेषणाला जिवंत क्रियापद नाही. फ्रेंचमध्ये ‘सँदिन्ये’ आहे, स्पॅनिशमध्ये ‘इंदिग्नार्से’. ऑक्टोबर 2010 मध्ये फ्रेंच प्रतिकारलढ्यातले जुने सैनिक आणि मुत्सद्दी स्टेफान हेसेल यांनी ‘अँदिन्ये-वू!’ ही छोटी पुस्तिका काढली, शीर्षकच आज्ञार्थी. इंग्रजीत ‘बी इंडिग्नंट!’ म्हणजे कुणाला तरी चेहरा कसा करावा ते सांगितल्यासारखं वाटतं. पुस्तिका ‘टाइम फॉर आउटरेज!’ या नावानं आली. पुढच्या मे महिन्यात स्पेनच्या चौकांत उतरलेले तरुण ‘इंदिग्नादोस’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि काही दिवसांतच अथेन्समध्ये जमलेले लोक ‘अगानाक्तिस्मेनी’ म्हणून. नव्या करारातल्या त्या ‘अगानाक्तेओ’ क्रियापदाचंच हे आजचं रूप. इंग्रजी वृत्तपत्रांनी स्पॅनिश निदर्शकांना बहुतेक वेळा ‘इंदिग्नादोस’च राहू दिलं.